पित्त साफ केल्याने यकृतावरची चरबी उतरते का?

प्रश्न : मी यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी असून माझे वय ४६ वर्षे आहे. वजन ८४ किलो, उंची १६७ सेंटिमीटर. दारू वा तंबाखू घेत नाही. चहा मात्र दिवसातून सहा-सात वेळा होतो. गेल्या महिन्यात पोटाच्या उजव्या बाजूला जडपणा वाटू लागला म्हणून सोनोग्राफी केली. त्यात ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असे आले. पित्ताशयात खडे नाहीत. रक्तात यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी ६८, एसजीओटी ४४, प्लेटलेट २.३० लाख आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ टक्के आहे. डॉक्टरांनी अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सांगितली आहे. हे पित्तातलेच आम्ल असल्याचे औषधाच्या दुकानात कळले. मोबाइलवर मात्र ‘पित्ताम्लांमुळेच लिव्हरवर चरबी चढते, ती धुऊन काढा’ असा व्हिडिओ फिरतो आहे आणि आमच्या ओळखीच्या एकाने रिकाम्या पोटी ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस पिऊन खडे पाडल्याचे सांगितले. पित्ताम्ले वाईट असतील तर तीच गोळीतून का घ्यायची? मला छातीत जळजळ व आंबट ढेकरांचा जुना त्रास आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे का? दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचे पित्ताशय काढले. आता तिच्याही यकृतावर चरबी चढेल का? आणि खाण्यापिण्याचे काय करावे?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : आपण तपासणीचे आकडे पत्रात दिलेत हे फार चांगले केले, कारण नुसत्या ‘ग्रेड २’वरून मला फारसे काही सांगता आले नसते. आधी थोडक्यात उत्तर देतो. यकृतावर चरबी साठते तेव्हा पित्ताम्लांचा कारभार बिघडतो हे खरे आहे, परंतु तो बिघाड बहुतांशी पोटावरची चरबी आणि इन्सुलिनला शरीराने दाद न देणे यांच्या मागोमाग येतो. म्हणून पित्ताम्ले ‘धुऊन’ चरबी उतरत नाही आणि आपण घेत असलेल्या गोळीनेही ती उतरत असल्याचा पुरावा नाही. आता हे असे का, ते सविस्तर सांगतो.

छातीतल्या जळजळीचा विषय प्रथम बाजूला काढू. आपण ज्याला ‘पित्त झाले’ म्हणतो, ती जळजळ आणि आंबट ढेकर जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर आल्यामुळे होतात. यकृतात तयार होणारा पित्तरस हा त्याहून निराळा द्रव आहे. तो हिरवट-पिवळा असतो, आंबट नसतो आणि जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरतो. त्यामुळे ॲसिडिटीच्या गोळ्यांनी यकृतावरची चरबी हलत नाही. दोन्ही त्रासांचे मूळ मात्र पुष्कळदा एकच असते, ते म्हणजे वाढलेले पोट, आणि ते कमी झाले की जळजळही बरीच कमी होते.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातला कामाचा भाग म्हणजे पित्ताम्ले. ती कोलेस्टेरॉलपासून बनतात. मानवी यकृतात कोलिक आम्ल आणि चिनोडीऑक्सिकोलिक आम्ल ही दोन मुख्य पित्ताम्ले तयार होतात आणि ग्लायसीन किंवा टॉरीन जोडून ती पित्तात सोडली जातात. जेवणातले तेल-तूप पाण्यात विरघळत नाही. पित्ताम्ले त्याचे बारीक थेंब करतात, तेव्हा कुठे पाचकरस त्यावर काम करू शकतात. नवल पुढेच आहे. शरीरात पित्ताम्लांचा एकूण साठा जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास असतो, परंतु लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात, रक्तावाटे यकृतात येतात आणि पुन्हा पित्तात उतरतात. दिवसभरात अशा अनेक फेऱ्या होतात. जी थोडी शौचावाटे जातात, तेवढीच, म्हणजे रोज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, यकृत नव्याने बनवते. मोठ्या आतड्यात पोहोचलेल्या पित्ताम्लांवर तिथले जिवाणू आपला हात चालवतात आणि त्यांतून डीऑक्सिकोलिक व लिथोकोलिक ही दुय्यम पित्ताम्ले तयार होतात. पित्ताम्लांच्या घडणीचा अभ्यास तसा जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश विलांड यांना त्याबद्दल १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पण पुढची सत्तर वर्षे पित्ताम्लांकडे चरबी फोडणारा साबण यापलीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

ही समजूत १९९९ साली बदलली. पेशीच्या केंद्रकात असणारा एफएक्सआर नावाचा ग्राही, म्हणजे रसायनाचा संदेश पकडणारे प्रथिन, पित्ताम्लांनीच जागा होतो, असे त्या वर्षी निरनिराळ्या संशोधक गटांनी दाखवले. पित्ताम्ल हे संदेश नेणारे रसायन आहे, हे तेव्हापासून मान्य झाले. घरावरची टाकी भरली की बॉलकॉक वर उचलला जाऊन पाणी बंद होते, तसे यकृतात पित्ताम्ले पुरेशी झाली की एफएक्सआर जागा होऊन नवी पित्ताम्ले बनवण्याचे काम थांबवतो. आतड्यातही तो जागा होतो आणि तिथून एफजीएफ-१९ नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाऊन यकृताला तीच सूचना पोहोचते. आपल्या प्रश्नाशी संबंधित भाग असा की, हाच एफएक्सआर यकृतात साखरेपासून नवी चरबी बनवणाऱ्या यंत्रणेलाही लगाम घालतो. त्याशिवाय टीजीआर-५ नावाचा दुसरा ग्राही आतड्याच्या पेशींवर असतो. पित्ताम्लांनी तो जागा झाला की जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते, ज्याने इन्सुलिनला जोर मिळतो आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. थोडक्यात, प्रत्येक जेवणानंतर पित्ताम्ले यकृताला ‘अन्न आले, आता चरबी व साखर बनवणे आवर’ असे सांगत असतात.

यकृतावर चरबी साठलेल्या माणसांत हा निरोप नीट पोहोचत नाही. अशा रुग्णांच्या रक्तात पित्ताम्लांचे प्रमाण वाढलेले आणि दुय्यम पित्ताम्लांचा वाटा बदललेला अनेक अभ्यासांत आढळला आहे. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलणे हे त्याचे एक कारण. व्हिडिओ करणाऱ्यांनी नेमका हाच धागा पकडलेला दिसतो. परंतु जेव्हा संशोधकांनी सारख्याच लठ्ठपणाच्या माणसांची आपसांत तुलना केली, तेव्हा पित्ताम्लांतला बदल यकृताच्या सुजेपेक्षा इन्सुलिनच्या बिघाडाशी अधिक जुळला. आधी पोटावर चरबी चढते, मग स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत, रक्तात मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे येतो, आणि त्या गोंधळात पित्ताम्लांचा निरोपही बिघडतो. बिघडलेला निरोप मग आजार वाढवायला हातभार लावतो, हे नाकारता येत नाही. पण ‘पित्ताम्लांमुळेच’ हा त्या व्हिडिओतला ‘च’ चुकीचा आहे. म्हणूनच तपासणीच्या एखाद्या पॅकेजमध्ये रक्तातील पित्ताम्लांची चाचणी कोणी सुचवली, तर आपण त्यावर पैसे घालवू नयेत. गरोदरपणात अंगाला खाज सुटते तेव्हा ती चाचणी फार मोलाची असते. आपल्या बाबतीत तिच्या निकालाने उपचारात काडीचाही फरक पडणार नाही.

‘धुऊन काढा’ ही कल्पना तर प्रत्यक्ष तपासून झालेली आहे. आतड्यात पित्ताम्ले बांधून शौचावाटे बाहेर काढणारे कोलेसेवेलाम नावाचे औषध कोलेस्टेरॉलसाठी वापरले जाते. ते फॅटी लिव्हरच्या रुग्णांना देऊन एमआरआयने यकृतातली चरबी मोजण्याचा एक अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. चरबी कमी होण्याऐवजी किंचित वाढली. पुढे पित्ताम्लांचे पुनःशोषणच रोखणारे व्होलिक्सिबॅट नावाचे औषध तपासले, त्यानेही यकृतातली चरबी उतरली नाही. वर सांगितलेला व्यवहार ध्यानात घेतला तर हे समजण्यासारखे आहे. पित्ताम्ले बाहेर गेली की यकृताला मिळणारा ‘आवर’ हा निरोपही त्यांच्याबरोबर जातो.

आता आपल्या गोळीविषयी. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल हे सौम्य, पाण्याशी जुळवून घेणारे पित्ताम्ल आहे. कोलेस्टेरॉलचे छोटे खडे विरघळवणे, यकृतातील बारीक पित्तनलिकांचा एक दीर्घकालीन आजार, गरोदरपणातली पित्त तुंबल्याने येणारी खाज, या ठिकाणी त्याचा उपयोग आहे आणि सर्वसाधारण मात्रेत ते बऱ्यापैकी निर्धोक आहे. त्यामुळे ‘यकृताला बरे’ म्हणून ते आपल्याकडे फॅटी लिव्हरसाठीही सर्रास लिहून दिले जाते. मात्र २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६६ रुग्णांपैकी काहींना हे औषध आणि काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दोन वर्षे दिली गेली आणि शेवटी यकृताचा तुकडा पुन्हा तपासला, तेव्हा दोन गटांत फरक निघाला नाही. त्या चाचणीतली मात्रा वजनाच्या दर किलोला १३ ते १५ मिलिग्रॅम होती. आपली ६०० मिलिग्रॅमची मात्रा ८४ किलोला वाटली तर किलोला सातच पडते. २०११ सालच्या एका फ्रेंच चाचणीत मात्रा किलोला २८ ते ३५ मिलिग्रॅमपर्यंत नेली तेव्हा एसजीपीटी उतरला खरा, पण शेवटी यकृताचा तुकडा तपासलेला नव्हता. मला या गोळीची खरी अडचण इथेच वाटते. कागदावरचा आकडा सुधारतो, माणूस निर्धास्त होतो आणि वजन जिथल्या तिथे राहते.

मग ‘तीच गोळीतून का’ या प्रश्नाचे उत्तर असे की, सगळी पित्ताम्ले सारखी नसतात. आपल्या शरीरातले चिनोडीऑक्सिकोलिक आम्ल एफएक्सआरला चांगले जागे करते, अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल मात्र त्याला जवळजवळ हात लावत नाही. शास्त्रज्ञांनी म्हणूनच चिनोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या रेणूत थोडा बदल करून, त्याच्या सुमारे शंभर पट प्रभावी असे ओबेटिकोलिक आम्ल तयार केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दीड वर्षांनंतर, २५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी २३ टक्के रुग्णांत यकृतातले व्रणतंतू, म्हणजे सततच्या सुजेने तयार होणारे जखमेच्या वणासारखे तंतू, एका पायरीने कमी झाले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. फायदा खरा होता, पण त्या मात्रेवर निम्म्या रुग्णांना अंगाला खाज सुटली आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉलही वाढले. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये फॅटी लिव्हरसाठी त्याला परवानगी नाकारली. तेव्हा पित्ताम्लांचा मार्ग चुकीचा होता असे नाही. त्या मार्गाने जाणारे, सहज झेपेल असे औषध अजून हाती आलेले नाही, एवढेच.

दुसऱ्या मार्गांनी काही औषधे आली आहेत. भारतात सारोग्लिटाझारला २०२० साली मान्यता मिळाली. अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरॉम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड यांना, तीही यकृतात व्रणतंतू मध्यम ते पुढच्या पायरीपर्यंत गेलेल्या सुजेसाठी, परवानगी मिळाली. यांपैकी सेमाग्लुटाइड हे आधी उल्लेख केलेल्या जीएलपी-१ संप्रेरकाचीच नक्कल आहे. आपल्याला आज यांतले एखादे लागेल असे आकड्यांवरून दिसत नाही. ते कसे, हे पुढे येईलच. चालू गोळी मात्र माझे उत्तर वाचून परस्पर बंद करू नये. ती देण्यामागे डॉक्टरांचे दुसरे काही कारण आहे का, हे त्यांना विचारावे, आणि नसेल तर ती थांबवता येईल का असे स्पष्ट म्हणावे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नाचा राग येत नाही.

तेल-लिंबाच्या प्रयोगाविषयी मात्र मी निःसंदिग्धपणे ‘करू नका’ असे सांगेन. रिकाम्या पोटी इतके तेल गेले की दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट, मऊ गोळे पडतात आणि माणसाला वाटते खडे पडले. २००५ साली एका रुग्णाचे असे गोळे प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा ते प्यालेल्या तेलातील मेदाम्लांपासून पोटात बनलेले साबणासारखे गोळे निघाले. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतेच. आपल्या पित्ताशयात खडे नाहीत, म्हणून आपले निभावेल. पण ज्याच्या पित्ताशयात खरोखर बारीक खडे आहेत, त्याने हा प्रयोग केला तर एवढ्या तेलाने पित्ताशय जोरात आकुंचन पावते, खडा नळीत अडकू शकतो आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाची तीव्र सूज येऊन माणूस अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो. आपल्या ओळखीच्या त्या गृहस्थांना सोनोग्राफी करून घ्यायला अवश्य सांगावे.

आता आपले स्वतःचे आकडे पाहू. सोनोग्राफीतली ‘ग्रेड’ फक्त यकृत पडद्यावर किती पांढरे दिसते ते सांगते. पुढे धोका किती, हे ठरते यकृतात व्रणतंतू किती झाले आहेत यावर. त्याचा पहिला अंदाज आपल्या हाताशी असलेल्या तपासण्यांवरूनच काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणावे : ४६ गुणिले ४४ म्हणजे २०२४. मग प्लेटलेट हजारांत मांडून, म्हणजे २.३० लाखांचे २३० धरून, त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. ६८ चे वर्गमूळ सुमारे ८.२५, म्हणून गुणाकार १८९७ च्या जवळ. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की १.०७ येते. याला फिब-४ म्हणतात. तो १.३ च्या खाली असेल तर पुढच्या पायरीचे व्रणतंतू असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर बरीच; मधल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा. पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. आपला आकडा दिलासा देणारा आहे. तीन महिन्यांच्या साखरेचा ६.३ हा आकडा मात्र तितका दिलासा देत नाही, कारण ६.५ पासून मधुमेह धरतात, आणि मधुमेह जडला की यकृताचा आजार भराभर पुढे सरकतो. माझ्या मते आपल्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. हे नाते वैद्यकातही आता नावापर्यंत पोहोचले आहे; २०२३ पासून या आजाराच्या इंग्रजी नावात ‘दारूमुळे नव्हे’ असे म्हणण्याऐवजी चयापचयातल्या बिघाडाचा उल्लेख केला जातो.

उपाय म्हणजे वजन, आणि त्याचे आकडे ठरलेले आहेत. पाच टक्के वजन उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सात टक्क्यांनी सूज उतरण्याची शक्यता वाढते आणि दहा टक्क्यांनी व्रणतंतूही मागे हटू शकतात. आपल्यासाठी हे अनुक्रमे सव्वाचार, सहा आणि साडेआठ किलो झाले. पहिले उद्दिष्ट सहा किलोंचे ठेवावे आणि त्याला सहा महिने द्यावेत. घाई करू नये, कारण इथे पुन्हा पित्ताम्लांचा संबंध येतो : वजन आठवड्याला दीड किलोहून वेगाने उतरले, किंवा दिवसचे दिवस कडक उपास झाले, की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, त्याला विरघळवून ठेवायला पित्ताम्ले अपुरी पडतात, पित्ताशय आकुंचन न पावल्याने पित्त तिथेच साचून राहते आणि खडे धरतात. नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहून पोट कमी करण्याचा बेत कोणी सुचवला तर तो मानू नये. साबुदाणा खिचडी आणि बटाट्याच्या किसावर काढलेल्या नऊ दिवसांविषयी तर मी वेगळे काही लिहीत नाही.

खाण्यात सर्वांत आधी हात घालायचा तो चहातल्या साखरेला. सहा-सात कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर. तिच्यातला निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि त्याचा बहुतेक निपटारा यकृतातच होऊन तिथेच चरबी बनते. खान्देशातल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीकडे गेलेला असताना, यात थंडपेये, उसाचा रस आणि सरबते भर घालतात. आखाजीला पुरणपोळीबरोबर वाट्यावाट्यांनी आमरस होतो तो वेगळाच. सणाचे दोन दिवस मी कोणाच्या ताटातून काढून घेणार नाही, पण रोजचा चहा दोन कपांवर आणि तोही बिनसाखरेचा करावा, आणि तहान ताक व पाण्यावर भागवावी. केळी आपल्या घरचीच. बागेत काम करताना चार-पाच सहज पोटात जातात. एका मध्यम केळात सुमारे शंभर उष्मांक असतात. दिवसाला एखादे, तेही नाश्त्याच्या जागी किंवा जेवणाचा भाग म्हणून, चालेल. वेफर्स मात्र फळात मोजू नयेत.

दुसरी गोष्ट तेलाची. शेवभाजीच्या रश्श्यावर बोटभर तर्री आल्याशिवाय ती जमली असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही, आणि वर घातलेली शेवही तळलेलीच. घरात किती तेल जाते, याचा हिशेब ताटापेक्षा डब्यावरून लवकर लागतो : माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरले, तर पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चार महिने पुरला पाहिजे. आपल्याकडचा डबा किती दिवसांत संपतो, हे घरी विचारून पाहावे. भरीत सोडण्याची मुळीच गरज नाही. काट्याकुट्यांच्या आगीवर भाजलेले वांगे, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, हे सगळे उत्तम. फोडणीचे तेल निम्मे करावे आणि वरचे शेंगदाणे मूठभरच ठेवावेत. बरोबर पुऱ्या न घेता ज्वारी व सालासकट उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी घ्यावी, दीड किंवा दोन. भाकरी, डाळी, शेंगभाज्या आणि पालेभाज्यांतले तंतू काही पित्ताम्ले बांधून नेतात, हे खरे. कोणी म्हणेल, पित्ताम्ले बाहेर काढून फायदा नाही असे आताच तुम्ही लिहिले. तो मुद्दा बरोबर आहे. तंतूंचा यकृताला होणारा फायदा प्रामुख्याने त्या मार्गाने नाही, तर पोट लवकर भरणे, साखर सावकाश रक्तात जाणे आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना चांगले खाद्य मिळणे या मार्गांनी होतो.

शेतकऱ्याला व्यायामाचा सल्ला द्यायला मला नेहमी संकोच वाटतो, पण आता मशागत ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने आणि बांधापर्यंतचा प्रवास मोटारसायकलने होतो. आठवड्याला दीडशे मिनिटे, घाम येईल आणि बोलताना किंचित धाप लागेल अशा वेगाने चालावे; वजन फारसे न हलताही अशा चालण्याने यकृतातली चरबी कमी होते. ‘लिव्हर टॉनिक’ आणि काढ्यांपासून दूर राहावे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला गंभीर सूज आलेल्या रुग्णांची नोंद २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी केली आहे, तेव्हा वनस्पती आहे म्हणजे निर्धोक असे समजू नये. दारू आपण घेत नाही. ते तसेच चालू ठेवावे.

आपल्या पत्नीविषयी. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी आहे. ती काढल्यावर यकृत पित्त बनवतच राहते, ते थेंबथेंब सरळ आतड्यात उतरते आणि पित्ताम्लांच्या फेऱ्या थोड्या वाढतात. पित्ताशय काढलेल्या लोकांत फॅटी लिव्हर अधिक आढळते असे अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसले आहे, पण खडे आणि यकृतावरची चरबी ही दोन्ही एकाच मुळातून, म्हणजे वजन आणि इन्सुलिनच्या बिघाडातून, येतात; शस्त्रक्रियेने चरबी चढते असे त्यावरून सिद्ध होत नाही. खडे त्रास देत असतील तर पित्ताशय काढणे योग्यच होते, त्याचा पश्चात्ताप नको. त्यांचे वजन, कमरेचा घेर आणि साखर एकदा पाहून घ्यावी. भारतीय स्त्रियांत घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, आणि आपला स्वतःचाही मोजावा, पुरुषांना ९० ची मर्यादा आहे. शस्त्रक्रियेनंतर त्यांना जेवणानंतर लगेच पातळ शौचाला धावावे लागत असेल, तर ते मोठ्या आतड्यात जास्त पित्ताम्ले पोहोचल्यामुळे असू शकते आणि त्यावर औषध आहे. वर नाव घेतलेले पित्ताम्ले बांधणारे औषध तिथे खरोखर कामाला येते. बायका हा त्रास वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम विचारावे.

फॅटी लिव्हरचा समावेश केंद्र सरकारने २०२१ सालीच असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे, तेव्हा वजन, रक्तदाब आणि साखर यांच्या नोंदीसाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पुरेसे आहे. सहा महिन्यांनी एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि तीन महिन्यांची साखर पुन्हा तपासावी व वर दाखवल्याप्रमाणे फिब-४ काढावा. साखर सीमेवर असल्यामुळे पुढेही तो वर्ष-दोन वर्षांनी काढत राहावे लागेल. आकडा १.३ च्या वर गेला तर जळगाव किंवा धुळ्याला यकृततज्ज्ञांना दाखवून फायब्रोस्कॅनविषयी विचारावे. डोळे पिवळे होणे, पायांवर सूज, पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काहीही दिसले तर सहा महिन्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.